एक जूनला न जन्मलेला माणूस

आमचे जळगावचे घरमालक समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी कोपराच्या आतल्या खळगीत बघायचे. अकरावीसाठी मी जळगावला आले आणि वडिलांबरोबर मेहरूणमधल्या त्यांच्या घराची मागची खोली बघायला गेले, तेव्हा भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ यातलं काहीही न बोलता त्यांनी वडिलांचा उजवा हात धरला, शर्टाची बाही वर सारली आणि अंगठ्यानं दाबून म्हणाले, "वा! शीर शे का पाइप शे ही!" माझे वडील रावेरकडचे, केळी लावणारे, अनोळखी माणसाशी चार शब्दांच्या वर न बोलणारे. त्यांना वाटलं, गृहस्थ भविष्य बघतात आणि हात चुकीच्या जागी धरलाय. मग गृहस्थांनी माझा हात पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि चेहरा पाडून म्हणाले, "हाई तं सुतळी शे." तरी खोली दिली.

सगळं मेहरूण त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही आबा म्हणू लागले. मूळचे शिरपूरकडचे. पालिकेत व्हॉल्वमन होते, म्हणजे रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली लांब चावी घालून एकेका गल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं. हे काम त्यांनी उभा जन्म केलं. निवृत्त झाल्यावर चावी सुटली, पण पाणी काही डोक्यातून गेलं नाही. माणूस म्हणजे त्यांच्या लेखी दोन पायांवर चालणारी टाकी होती. दर तीन महिन्यांनी ते रक्त देत, न चुकता, लोक चतुर्थीचा उपास करतात तितक्या निष्ठेनं. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "टाकी उपसाले नको का? पानी सोडं नही तं शेवाळ धरस." एकदा रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञानं त्यांना समजावून सांगितलं की काका, रक्ताला शेवाळ धरत नाही. आबांनी त्याला विचारलं, "तू टाकी धोयेल शे का कधी?" तो नाही म्हणाला. "मंग?" असं म्हणून आबा उठले. वाद आपण जिंकलो अशी त्यांची पक्की खात्री होती.

लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, रक्तगट राहत. दारात कोण आलंय असं आतून अक्कांनी विचारलं की, "बी पॉझिटिव्ह उना, टीव्हीना पैसा मांगाले," असं उत्तर यायचं. दूधवाला एबी निगेटिव्ह होता. इतका दुर्मिळ माणूस आपल्या दारी रोज येतो याचं आबांना भारी कौतुक. त्याला खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि निघताना "मोटरसायकल हळू चालाव रे भाऊ, तुनासारखा आठे दुसरा नही," अशी ताकीद मिळे. त्याचं दूध पातळ आहे असं अक्का म्हणाल्या, तर आबा म्हणाले, "दूधमा पानी ऱ्हाई, रगतमा नही." अक्का म्हणजे त्यांची बायको. त्यांनाही रागात असले की ते "ए पॉझिटिव्ह" म्हणून हाक मारायचे. "मी कोन्ताच पॉझिटिव्हमा नही, मी बचत गटमा शे," असं म्हणून त्या भाकरी थापत राहायच्या.

त्यांचा स्वतःचा गट ओ पॉझिटिव्ह. हा गट पैशाला पासरी असतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं थोडं वाईटही वाटायचं. पण ते म्हणायचे, "मनं रगत बाजरीसारखं शे. भारी नही, पन रोज लागस."

शिबिर कोणाचं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, गणेश मंडळ असो, भीमजयंती असो, आबांचे तीन महिने भरले असले की आबा हजर. त्यामुळे घरभर शिबिरांत मिळालेल्या वस्तू. पाणी प्यायचे पेले रक्तदानाचे, भाजीची पिशवी रक्तदानाची, आणि भिंतीवर घड्याळंच घड्याळं, प्रत्येकात काट्यांच्या मागे एकेक पुढारी हात जोडून उभा. स्वयंपाकघरातल्या घड्याळातले साहेब पुढे पक्ष बदलून गेले. आबा चिडले आणि घड्याळ काढायला निघाले. अक्कांनी काढू दिलं नाही. "मानूस बदलना व्हई, टाईम तं बरोबर दावस," असं त्यांचं म्हणणं. ते घड्याळ अजून तिथंच आहे.

इतकं सगळं करणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी मोठी हृदयद्रावक कहाणी असणार असं मला वाटायचं. कोणीतरी रक्तावाचून गेलं असेल, किंवा कोणा अनोळखी माणसाच्या रक्तानं वाचलं असेल. बारावीच्या वर्षात एकदा ओट्यावर बसून मी विचारलंच. आबा म्हणाले, पहिल्यांदा दिलं ते अर्ध्या दिवसाच्या सुटीसाठी. पालिकेत शिबिर होतं, देणाऱ्याला दुपारनंतर सुटी होती, आणि आबांना शिरपूरला मामेभावाच्या हळदीला जायचं होतं. मी हसले. तेही हसले. मग अंगणातल्या नळाकडे बघत आपणहून बोलले.

"मी जल्मभर पानी सोडं, पोरी. कोनी कधी म्हनं का, भाऊ, चांगलं सोडं? कमी उनं, गढूळ उनं, शेजारनी गल्लीले जास्त गयं. रोजन्या शिव्या. बाया हंडा लई मांगे धावेत. आन् त्या दिवसले मी खाटवर पडनू, तं एक मोठी बाई, सायेबनी बायको व्हती, ती कॉफी लई उनी आन् म्हने, 'आराम करा, उठू नका.' माले! रगत दिधं तं कोनी म्हनं नही, कमी उनं."

त्या दिवशी मामेभावाच्या आधी रक्तदानाची हळद आबांना लागली ती अशी. तेव्हापासून मी त्यांना हसायचं कमी केलं असं नाही, पण हसताना जरा जपून हसू लागले.

आता आबांची अडचण अशी होती की रक्त पासष्टपर्यंतच देता येतं. हा नियम त्यांना तोंडपाठ होता आणि दोन वर्षांपासून तो त्यांना खुपत होता. मुलगा पुण्याला, त्याला सुई बघूनच घेरी येते. सून नियमात बसत नव्हती. मग गादी कोण चालवणार? एक दिवस त्यांनी मला रक्तपेढीत नेऊन माझा गट तपासून घेतला. ओ पॉझिटिव्ह निघाला. "बाजरी!" असे आबा एवढ्यानं ओरडले की तिथल्या नर्सनं दचकून वर पाहिलं. त्या दिवसापासून माझं नाव बाजरी पडलं आणि माझ्या मागे खाण्याचा ससेमिरा लागला.

कारण अठरा वर्षं पूर्ण व्हायला हवीत ते आपोआप होणार होतं, पण वजन पंचेचाळीस किलो हवं आणि रक्तात हिमोग्लोबिन हवं, ते आपोआप होणारं नव्हतं. आबांनी मोहीम हाती घेतली. माझ्या खोलीच्या खिडकीत रोज शेंगदाणे आणि गूळ येऊन पडू लागला. कळण्याची भाकरी, मेथी, शेवग्याच्या शेंगा, खजूर. जे लाल ते रक्त वाढवतं असा त्यांचा आणखी एक सिद्धांत होता, म्हणून बीट, डाळिंब, टरबूज, आणि भाजीत लाल तिखट सढळ हातानं. "मंग कुकूबी खावाड तिले," असं अक्का आतून म्हणाल्या. दर रविवारी ते मला कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात नेत आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं करत. दुकानदार गंभीरपणे विचारायचा, "आबा, गव्हाच्या भावात धरू का ज्वारीच्या?" माझ्या मैत्रिणी रस्त्यानं जात असल्या की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण काटा हळूहळू सरकत होता हे खरं.

गावी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून वं बाई, तुह्या आंगात हाये तरी का काही? तुलेच चढवा लागीन एक बाटली." आबांनी फोन हातातून घेतला आणि आईला टाकी, शेवाळ, उपसा सगळं समजावलं. आईला त्यातलं किती कळलं देव जाणे. शेवटी ती म्हणाली की तुमच्या जिवावर पाठवलीय, तुम्ही सांभाळा.

आबांचा बेत मात्र साधा होता आणि त्यांनी तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितला होता. "मना जलम कापूस येचाना टाईमना शे. दिवाळीनंतर मी पासष्टना व्हस. तवलोंग एकदाव देता ई. ते मी मनी अंडेर संगे दिसू. दोन खाटा, जोडीले जोडी." अंडेर म्हणजे लेक, दिसू म्हणजे देईन. मला जुलैत अठरा पूर्ण होणार होती, आमच्या कॉलेजचं शिबिर ऑगस्टात होतं. सगळं जमून आलं होतं.

बारावीच्या परीक्षेनंतर मी सुटीत गावी गेले आणि निकाल लागल्यावर जूनमध्ये परत आले, तेव्हा अक्कांनी हळूच सांगितलं की मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशीच शिबिर झालं. आबांचे तीन महिने भरले होते. मंडळाची पोरं बोलवायलाही आली होती. पण गेले नाहीत. "म्हने, आते दिधं तं ऑगस्टले तीन महिना भराऊत नहीत. पोरले येऊ दे." आयुष्यात पहिल्यांदा दारासमोरचं शिबिर त्यांनी खिडकीतून पाहिलं. मला तेव्हा बरंच वाटलं. आपल्यासाठी कोणी थांबतं हे अठराव्या वर्षी कोणाला आवडणार नाही?

शिबिराच्या दिवशी आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. उजवी बाही घरूनच दुमडलेली. कॉलेजच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या. आबांनी आधी जाऊन खिडकीजवळच्या दोन खाटा निवडल्या. एकीवर माझी ओढणी टाकली आणि दुसरीवर स्वतःची टोपी, एसटीत रुमाल टाकतात तशी. मग आम्ही नोंदणीच्या टेबलाशी गेलो.

एरवी तिथं वय तोंडी विचारायचे आणि लिहून घ्यायचे. या वेळी एक मुलगा कॉम्प्युटर घेऊन बसला होता, त्यानं आधार कार्ड मागितलं. माझं झालं. आबांचं कार्ड पाहून त्यानं आकडे टाकले, थांबला, आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या.

"आबा, तुम्हाला पासष्ट पूर्ण झालीत," त्या म्हणाल्या. "एक जूनला."

"कोन म्हने?"

"आधार कार्डावर आहे ना."

"आधार कार्डले काय मालूम? ते तठे व्हतं का?"

मागे रांगेतली पोरं हसली. आबांनी टेबलावर हात टेकले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गावच्या शाळेत जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. मास्तर पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिहा एक जून. आबांचे हात मुळातच लांब. कापूस वेचणीला जन्मलेल्या पोराला अजून पाच-सहा महिने होते, पण कान लागला आणि मास्तरांनी लिहून टाकलं.

"आमना वर्गमा बठ्ठा पोरे एक जूनले जल्मनात!" आबा म्हणाले. "एक दिवसमा गावमा एवढा पोरे व्हतीन का? सांगा तुम्हीच."

आणि त्यांनी हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला. हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसत होते. मला वाटलं, आता बाई हसतील आणि सोडून देतील. बाई हसल्याही. म्हणाल्या, "माझ्या वडिलांचीपण एक जूनच आहे, आबा. खरी आजीलाच माहीत होती." मग त्या हसायच्या थांबल्या. "पण मला कार्डावरचीच धरावी लागते हो. नाही घेता येणार."

याच एक जूनमुळे आबा नोकरीतून सहा महिने आधी निवृत्त झाले होते. तेव्हा चकार शब्द काढला नव्हता. सहा महिन्यांचा पगार गेला, हसून सोडून दिला. आता मात्र त्यांचा आवाज उतरला. "ताई," ते म्हणाले, "एकदाव. आखरी. शीर तं दखा." आणि दुमडलेल्या बाहीचा हात त्यांनी टेबलावर ठेवला.

बाईंनी बघितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्यांनी वाकून बघितलं, दोन बोटं ठेवून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान आहे आबा, शीर." हात हलकेच परत सरकवला.

आणि मग मला सगळं एकदम कळलं. मे महिन्यात कार्डावरही त्यांचे दिवस शिल्लक होते. दारासमोर शिबिर होतं. एक जून हा काही आपला वाढदिवस नव्हे, या खात्रीवर हा माणूस माझ्या अठरासाठी थांबला होता. "मग मीपण देत नाही," असं मी म्हणाले. आबा माझ्यावर असे डाफरले की रांग दोन पावलं मागे सरली. "दोन वरीस गूळ काय मी उंदरेसले खावाडा का?"

माझं बोट टोचलं, हिमोग्लोबिन पुरेसं आहे का बघायला थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो थेट तळाला गेला. बाई म्हणाल्या, उत्तम. ज्या थेंबासाठी आबांनी मला टरबुजं चारली तो थेंब बुडताना बघायला आबा तिथं नव्हते. ते खिडकीजवळच्या खाटेपाशी गेले होते. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. रांगेतला एक मुलगा त्या खाटेवर येऊन पडला. आबांनी सवयीनं त्याच्या कोपराकडे पाहिलं, "चांगली शे," म्हणाले, आणि माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

माझी सुतळी पहिल्या हाताला सापडली नाही, दुसऱ्या हाताला सापडली. सुई गेली तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर आबा माझ्याकडे बघत नव्हते, त्या हलत्या यंत्रावर ठेवलेल्या पिशवीकडे बघत होते. नंतर एका मुलीनं मला कॉफी आणि बिस्किटं दिली, एक पुडा आबांपुढेही धरला. "मी दिधं नही, बेटा," असं म्हणून त्यांनी तो तिच्या ताटात परत ठेवला.

रिक्षा करू म्हणाले, पण मला काही होत नव्हतं, म्हणून तलावाच्या बाजूनं चालत निघालो. आबा रस्त्याच्या कडेनं न चालता माझ्या उजवीकडून, गाड्यांच्या बाजूनं चालत होते. मेहरूण तलावाच्या कठड्याशी आल्यावर म्हणाले, बस जरा. बसलो. वारा होता. मला राहवलं नाही.

"आबा, मेमध्ये तुम्ही देऊन टाकायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

"मे मा तू सतरानी व्हती," आबा म्हणाले.

पाण्यात एक म्हैस उतरत होती. ती पूर्ण उतरेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"बठ्ठं. सुई गयी, तठून सांग."

मला आधी कळेना, ज्यानं हयातभर रक्त दिलं त्याला मी काय सांगणार. पण त्यांनी माझ्याकडे तोंड केलं होतं आणि ते खरोखर वाट बघत होते. मग मी सांगू लागले. सुई टोचली त्यापेक्षा आधीचा ओला कापूस जास्त गार होता. हातात रबराचा चेंडू दिला होता, तो दाबायला सांगितलं. वरचा पंखा कुरकुरत होता. आणि ती नळी चिकटपट्टीनं हातावर चिकटवलेली होती, तर ती मला वाटलं होतं तशी थंड नव्हती. गरम होती. माझंच रक्त बाहेरून माझ्या हाताला गरम लागत होतं.

आबांनी डोळे मिटले होते. त्यांची बाही अजून तशीच दुमडलेली होती. डाव्या हाताचा तळवा त्यांनी हळूच त्या उघड्या हातावर ठेवला.

"हां," ते म्हणाले. "गरम ऱ्हास. मंग? पुढे सांग."